चिनी बायकांचे बांधलेले पाय: हजार वर्षं चाललं आणि एका पिढीत संपलं, ते कसं?

मेथकूट

परवा लेकीला घेऊन इथल्या (टोरंटोच्या) बाटा शू म्युझियममध्ये गेले होते. बाहेर बर्फ आणि घरात दोन दिवस कोंडलेली सात वर्षांची कार्टी, एवढंच कारण. इतिहासाची आवड वगैरे आव आणत नाही. एका काचेपाशी ती थांबली आणि म्हणाली, "आई, बाहुलीची चप्पल!"

लाल रेशीम, त्यावर बारीक भरतकाम, मध्ये फुगीर, टोकाला निमुळतं. मला आधी करंजी आठवली. आकारही तेवढाच, फार तर दिवाळीतल्या हावरट करंजीएवढा. मग पाटी वाचली. चीनमधल्या मोठ्या बाईचा वापरलेला जोड होता तो. तळव्याला झीज दिसत होती, म्हणजे ती बाई त्यावर चाललेली होती.

चीनमध्ये बायकांचे पाय बांधत हे शाळेपासून ऐकून माहीत होतं. पण घरी आल्यावर लेकीचे मोजे काढताना तिचा पाय हातात धरला आणि काहीतरी झालं. तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात बसलेत.

एक, हे बांधायचं कोण? सगळीकडे वाचते तर आई, आजी, चुलती. म्हणजे जिचे स्वतःचे पाय असे झालेत तीच लेकीचे बांधायची. कसं जमत असेल?

दोन, हजार वर्षं टिकलेली गोष्ट पन्नासेक वर्षांत पार नाहीशी कशी झाली? आपल्याकडे तर हुंडासुद्धा जात नाही.

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, मी त्यातलीच.

वाचनमात्र

बापरे. वाचूनच तळवे आखडले. वाचतोय.

हाडवैद्य

मेथकूट, चांगला विषय. आधी एक गैरसमज काढू. "चिनी मुलींना लोखंडी बूट घालून ठेवत" असं आपल्याकडे सर्रास सांगतात, माझ्या मास्तरांनीही सांगितलं होतं. लोखंड नाही, लाकूडही नाही. साधी सुती पट्टी, दोन इंच रुंद आणि साधारण दहा फूट लांब.

मुलगी चार-पाच वर्षांची झाली की, फार तर सात-आठपर्यंत, सुरुवात. बहुधा थंडीत, म्हणजे पाय बधिर असतात. कोमट पाण्यात, काढ्यात पाय भिजवायचे, नखं अगदी खोल कापायची. अंगठा मोकळा ठेवून बाकीची चार बोटं तळव्याखाली वळवायची आणि पट्टीचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्यायचे: पायाच्या वरून, बोटांवरून, टाचेमागून, पुन्हा वर. दर थोड्या दिवसांनी सोडून धुवायचे, तुरटी लावायची आणि आधीपेक्षा घट्ट बांधायचे. बोटं मोडतातच. पण खरा हेतू बोटं मोडणं हा नव्हे. टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढून मधली कमान वर चढवायची. शेवटी टाचेचं हाड जवळजवळ उभं होतं आणि तळव्याच्या मधोमध खोल घळ पडते. याला दोनेक वर्षं लागत. जखमा चिघळत, बोटं झडत, काही मुली दगावतही.

घोटा नीट हलत नाही म्हणून पोटरी बारीक राहते. सगळा भार टाचेवर आणि अंगठ्यावर. चाल अर्थातच हिंदकळती. लोक त्या चालीला सौंदर्य म्हणायचे, आम्ही तोल जाणं म्हणतो.

१९९७ साली बीजिंगमधल्या १९३ वयस्क बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ८० च्या वरच्या बायकांत ३८ टक्के जणींचे पाय बांधणीने बिघडलेले होते, सत्तरीतल्यांत १८ टक्के. त्या जास्त पडायच्या, त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं, हात न टेकता खुर्चीतून उठता येत नव्हतं. चीनमध्येही आपल्यासारखेच उकिडवे संडास. पुढची कल्पना तुम्ही करा.

खवचट_काकू

आमच्या सासूबाईंनी पाय न बांधताच मला पाच वर्षं घरात बसवलं होतं. पट्टीचा खर्च वाचला.

पोथीनिष्ठ

काकू, दंडवत.

थोडं उगमाबद्दल. सगळ्यात लाडकी कथा दहाव्या शतकातली. दक्षिण तांग राज्याचा राजा ली यू (राज्यकाळ ९६१ ते ९७५) कवी होता, राज्य करण्यात बेताचा. त्याच्या दरबारात याओन्यांग नावाची नर्तकी. त्याने सहा फुटी सोन्याचं कमळ घडवून घेतलं आणि तिने पाय रेशमाने चंद्रकोरीसारखे बांधून त्यावर नाच केला. ते पाहून बाकीच्या बायकांनी नक्कल सुरू केली. कथा म्हणूनच घ्या. पण ती खरी मानली तरी तो नाचण्यासाठी बांधलेला पाय होता, मोडलेला नव्हे.

त्याआधी पाचव्या शतकाच्या शेवटी आणखी एका राजाने राणीच्या वाटेवर सोन्याची कमळं अंथरली आणि "पावलागणिक कमळ उमलतं" असं म्हणाला, अशी नोंद आहे. बौद्ध कथांतल्या पद्मावतीच्या पावलांतून कमळं उमलत, त्या कथेची सावली यावर असावी असं काही अभ्यासक मानतात. पायाला "सोनेरी कमळ" हे नाव पडलं ते अशा वाटेने. "तीन इंची सोनेरी कमळ" हे मोजमापच होतं. तो चिनी इंच, म्हणजे तीन इंच मिळून साधारण दहा सेंटिमीटर. चार इंचांपर्यंत चांदीचं कमळ, त्यापुढे लोखंडी.

हातात धरता येईल असा पुरावा मात्र तेराव्या शतकातला. १२४३ मध्ये वारलेल्या ह्वांग शंग नावाच्या तरुण बाईची कबर फुजौ शहराजवळ १९७५ ला सापडली. पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, सोबत टोकाला वर वळलेले छोटे बूट, लांबी तेरा-चौदा सेंटिमीटर. त्याच शतकात च रुओश्वेई नावाचा एक विद्वान लिहून गेलाय: चार-पाच वर्षांच्या मुली, काहीही गुन्हा केलेला नसताना, त्यांना असह्य यातना देऊन पाय लहान करायचे, याचा उपयोग काय ते मला कळत नाही. म्हणजे "त्या काळी कुणाला वावगं वाटतच नव्हतं" असंही नाही.

सह्याद्रीतला_ढग

पद्मावती! चला, म्हणजे विमान आणि प्लास्टिक सर्जरीनंतर हेही भारतातूनच गेलं. व्हॉट्सॲपवर कधी टाकू? (हलकेच घ्या)

पोथीनिष्ठ

ढगा, नाव गेलं, पट्टी गेली नाही. तेवढं टाक.

स्पष्टच_बोलतो

एवढी नर्तकी आणि कमळं कशाला? सरळ सांगा ना, पुरुषांची विकृती. बाईला पळता येऊ नये, डुलत चालावं, आणि लंगडी बाई सुंदर म्हणून तिच्यावर कविता करायच्या. संपला विषय.

बिनटाचेची

स्पष्टच, एवढ्या लवकर "संपला विषय" म्हणू नका. आपल्या कवींची गजगामिनी कोण होती? जुन्या दाखवण्याच्या कार्यक्रमात "मुली, जरा चालून दाखव" म्हणायचे ते कशासाठी? आणि आज ऑफिसात पाच इंची टाचा घालून दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींचं काय? माझा अंगठा त्यापायीच वाकडा झालाय. आयडी उगीच नाही घेतलेला.

हाडवैद्य

अंगठा वाकडा होणं हा आजार मी रोज बघतो, पण तुलना पटत नाही. तुम्ही टाचा संध्याकाळी काढून कोपऱ्यात भिरकावता. आणि त्या निवडल्या तेव्हा तुम्ही पाच वर्षांच्या नव्हतात.

बिनटाचेची

मान्य, पण "निवडल्या" या शब्दावर वेगळा धागा काढावा लागेल.

स्पष्टच_बोलतो

काढा. मग तिकडे लिपस्टिक, मेकअप, जिम सगळं येईल आणि चारशे प्रतिसाद होतील.

(मधले टाचांवरचे सव्वीस प्रतिसाद नव्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावर बोलावे. – संपादक मंडळ)

खवचट_काकू

सव्वीसांतले चार माझे होते आणि चांगले होते.

कांडीवाला

मी इचलकरंजीचा. आमच्या घरात तीन पिढ्या मागाचा धंदा, म्हणून या विषयाची एक वेगळी बाजू मला फार लागली. ती सांगतो.

लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोन अभ्यासक बायकांनी चीनच्या खेडोपाडी जाऊन हजारोंच्या घरात म्हाताऱ्या बायकांना गाठलं. "तुमचे पाय कसे दिसायचे" एवढंच न विचारता त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही काय काम करत होतात?" उत्तरं अशी: सूत काढायचे, कापड विणायचे, चटया, दोर, बुटांचे तळवे शिवायचे. सहा-सात वर्षांपासून. त्यांचं म्हणणं, श्रीमंताघरची शोभेची बाई हे चित्र अर्धंच आहे. उत्तर चीनमध्ये शेतकऱ्यांच्या घरीही सरसकट पाय बांधत, आणि ती माणसं बाईला शोभेला बसवून खायला घालणारी नव्हती. तिथे सहा वर्षांच्या पोरीला दिवसभर चरख्यापुढे बसवायचं होतं. सहा वर्षांचं पोर बसतं का एका जागी? पाय बांधले की बसतं.

कांड्या भरायला आमच्याकडेही घरातल्या बायका आणि पोरीच असत. आमची आत्या सांगायची, "आई पाटाला बांधून ठेवते की काय असं वाटायचं." बोलायची पद्धत होती ती. चीनच्या त्या बायकांचं वाचलं आणि आत्याचं वाक्य कानात वाजलं.

पुढचं तर आणखी महत्त्वाचं. गिरणीचं सूत आलं, मग गिरणीचं कापड आलं, आणि घरात काढलेल्या सुताला भाव उरला नाही. ज्या भागात हे आधी झालं तिथे पाय बांधणं आधी सुटलं, असं त्यांनी आकडेवारीने मांडलंय. पोरीने बसून काढलेल्या सुताचे पैसे येईनात, मग तिला बसवायची गरज कुणाला?

मेथकूट

कांडीवाला, दोनदा वाचलं. "पाय बांधले की बसतं" या वाक्याने झोप उडाली. मी रेशमाकडे बघत होते, पेळू कुणाच्या हातात होता हे डोक्यातच आलं नव्हतं.

पोथीनिष्ठ

कांडीवाला यांनी छान लिहिलंय, पण माझी थोडी तक्रार आहे. हा सिद्धांत एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या खेड्यांना लागू पडतो. १२४३ ची ह्वांग शंग सूत कातून पोट भरणारी नव्हती, ती रेशमाच्या ढिगासह पुरली गेली. सुरुवात वरच्या घरांत झाली, मग खालच्यांनी उचलली, कारण लहान पाय म्हणजे चांगलं घर, चांगलं लग्न. लग्न जुळवणारी बाई आधी पायाचं माप विचारी. मग ज्या थराला ते परवडलं त्याने आपल्या सोयीचा उपयोगही काढला. एकच कारण हजार वर्षं पुरत नाही.

कांडीवाला

हे मान्य. उगम आणि टिकून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी टिकण्याबद्दल बोलत होतो. फक्त "लग्नासाठी" म्हणताना एक लक्षात घ्या. जिथे यच्चयावत सगळ्याच मुलींचे पाय बांधलेले, तिथे पाय बांधून वरचं स्थळ कसं मिळणार? नाटकाला सगळ्याच उभ्या राहिल्या तर कुणालाच जास्त दिसत नाही.

स्पष्टच_बोलतो

सगळ्याच बसल्या म्हणा.

(आधीचं "संपला विषय" मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं.)

सह्याद्रीतला_ढग

नोंद घ्या मंडळी, स्पष्टच यांनी काहीतरी मागे घेतलं. धागा सार्थकी लागला.

जुनं_घड्याळ

सगळ्या चिनी बायका बांधत असं मात्र नव्हे. हक्का या दक्षिणेकडच्या चिनी समाजाच्या बायका बांधत नसत, त्या शेतात राबत. दक्षिणेत होड्यांवर राहणाऱ्या कोळणीही नाहीत. मांचू बायकांना तर बंदीच होती. मांचू म्हणजे ईशान्येकडून आलेले राज्यकर्ते; त्यांनी १६४४ ला बीजिंग घेतलं, आणि १६६४ ला कांगशी बादशहाच्या नावाने चिनी प्रजेलाही पाय बांधायला मनाई केली. चार वर्षांत, १६६८ ला, ती गुपचूप मागे घ्यावी लागली. पुरुषांची शेंडी मात्र त्यांनी तलवारीच्या जोरावर ठेवायला लावली! पुरुषांचं डोकं बादशहाला वाकवता आलं, बायकांचे पाय नाही. उलट मांचू बायकाच उंच लाकडी ठोकळ्याच्या चपला घालून तशी डुलती चाल करू लागल्या, झग्याखालून पाय लहान दिसावा म्हणून.

नंतर मांचू राजवटीविरुद्ध उठलेल्या तैपिंग बंडवाल्यांनी (१८५० ते ६४) आपल्या मुलखात बंदी घातली. त्यांचा म्होरक्या हुंग श्यूछ्वान स्वतः हक्का, त्यामुळे त्याच्या घरात मोठ्या पायांचं कौतुक नवं नव्हतं.

अवांतर: मिंग घराण्याचा संस्थापक गरीब शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या राणीचं आडनाव मा, म्हणजे घोडा. तिचे पाय बांधलेले नव्हते. एकदा वाऱ्याने पालखीचा पडदा उडाला आणि लोकांना ते मोठे पाय दिसले, अशी लोककथा आहे. बिंग फुटणं याला चिनीत "घोड्याचा पाय दिसणं" म्हणतात, त्याचा संबंध लोक या कथेशी लावतात. खरा उगम बहुधा वेगळा आहे, पण कथा सोडवत नाही.

शिंचूकर

तैवानच्या शिंचू गावातून लिहितोय, चिप कारखान्यांचं गाव. (आयडीवरून "शिंच्या" म्हणणाऱ्यांनी रांगेत उभं राहावं, आधीच खूप जण आहेत.)

इथली गोष्ट सांगतो. १८९५ पासून तैवान जपानच्या ताब्यात होतं. जपान्यांना मोजायची भारी हौस. १९०५ च्या जनगणनेत त्यांनी पाय बांधलेल्या बायकाही मोजल्या: आठ लाखांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यातही हक्का वस्त्यांत जवळजवळ शून्य, जुनं_घड्याळ म्हणतात तसंच. आधी बंदी केली नाही, स्थानिक प्रतिष्ठितांच्या मंडळ्यांना पुढे केलं. मग १९१५ ला सरळ बंदी, आणि अंमलबजावणी घरांच्या गटांमार्फत: एकाने मोडलं तर शेजाऱ्यांनाही जाब. दहा वर्षांत चित्र पालटलं. त्यामुळे "लोकजागृती" हा शब्द ऐकला की मला जरा हसू येतं. पोलीस दारात उभा होता.

खवचट_काकू

शिंच्या, छान लिहितोस रे. (रांगेत होते.)

पाटावरची_शाई

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, समाजशास्त्र शिकवते म्हणून. शिंचूकर, पोलिसाने झालं म्हणता, तर जुनं_घड्याळ यांच्या कांगशीकडे काय पोलीस कमी होते? हुकूम १६६४ ला चालला नाही, १९१५ ला चालला. मध्ये काय बदललं?

हबेई प्रांतात डिंगश्यान नावाचा तालुका होता. तिथे १९२९ साली सिडनी गँबल यांनी ५१५ कुटुंबांची पाहणी केली. १८९० आधी जन्मलेल्या बायकांत ९९ टक्क्यांहून जास्त जणींचे पाय बांधलेले. १९१० ते १४ मध्ये जन्मलेल्यांत साठच्या आसपास. १९१९ नंतर जन्मलेल्या मुलींत एकही नाही. तीस वर्षांत शंभरावरून शून्यावर.

मध्ये झालं ते असं. १८७४ मध्ये शियामेनमध्ये मॅकगोवन नावाच्या मिशनऱ्याने साठ-एक बायकांची पहिली सभा भरवली. पट्टी न बांधलेल्या पायाला त्यांनी "स्वर्गीय पाय" म्हटलं, म्हणजे देवाने दिला तसा. १८९५ ला अलिशिया लिटल यांनी शांघायमध्ये संस्था काढली. पण गोष्टीला जोर आला तो चिनी सुधारक उतरल्यावर: कांग यूवेई, ल्यांग छीछाव. कांग यूवेईंनी आपल्याच मुलींचे पाय बांधू दिले नाहीत. १८९७ ला शांघायमध्ये स्थापन झालेल्या मंडळीची शपथ दुहेरी होती: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलासाठी बांधलेल्या पायांची सून करणार नाही.

खरी ग्यानबाची मेख त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. "पाय बांधणं वाईट" हे एकट्या आईला पटून उपयोग नाही. तिने बांधले नाहीत तर तिचीच मुलगी घरात राहणार. ती क्रूर म्हणून बांधत नव्हती, शेजारची बांधतेय म्हणून बांधत होती, आणि शेजारची हिच्याकडे बघून. शंभर घरांनी एकदम सांगितलं की आमचे मुलगे मोठ्या पायांच्याच मुली करतील, की गाठ सुटते. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये हा मुद्दा मांडला, आणि आफ्रिकेत मुलींची सुंता थांबवण्याच्या कामात तो पुढे आला: गावाने मिळून, जाहीर शपथ.

कांडीवाला

शाईताई, शपथवाले शहरात होते. डिंगश्यानच्या शेतकऱ्याने ल्यांग छीछावचं नाव तरी ऐकलं असेल का? त्याने गिरणीच्या सुताचा भाव ऐकला होता.

पाटावरची_शाई

भाऊ, दोन्ही ऐकलं असेल हो. बाजाराला जाताना एका कानाने भाव ऐकतात, दुसऱ्याने गप्पा. पण मुद्दा योग्य आहे. शहराबाहेर शपथेपेक्षा शाळा आणि दंड जास्त पोचले.

जुनं_घड्याळ

दंडाचंही सांगायला हवं, नाहीतर सगळं फार गोड दिसेल. त्सशी राजमातेने १९०२ ला फर्मान काढलं ते सल्लावजा होतं. १९१२ ला प्रजासत्ताकाने बंदी घातली. शान्शी प्रांतात यान शीशान या सरदाराने १९१७ पासून मोहीमच काढली. निरीक्षक घरोघर जात, दंड करत, पट्ट्या जमा करत. निरीक्षकासमोर चाळिशीतल्या बायकांना पट्ट्या सोडाव्या लागत. जो पाय नवऱ्यानेही उघडा कधी बघितला नाही, तो सरकारी माणसापुढे. आणि हाडवैद्य सांगतीलच, मोडून जुळलेला पाय मोकळा केला की सरळ होत नाही.

हाडवैद्य

होत नाही. वाढीच्या वयात, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सोडला तर बराच सुधारतो. नंतर पट्टी हाच आधार झालेला असतो. ती काढली की चालणं आणखी अवघड, दुखणं वेगळं. म्हणून अनेक जणी दिवसा सोडून रात्री पुन्हा बांधत. या बायकांसाठी हार्बिनमधला एक कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत असे छोटे बूट बनवत होता.

बिनटाचेची

म्हणजे ज्या पायांवर आधी कविता झाल्या त्यांचीच पुढे लाज. कांग यूवेईंनी बादशहाला १८९८ ला अर्ज केला त्यातही "परदेशी लोक आपल्याला हसतात" हा मुद्दा ठळक होता ना? मुलीला दुखतं हा नंबर दोन?

पोथीनिष्ठ

दुबळ्या आयांची दुबळी मुलं, सैन्य कसं उभं राहणार, हाही होता. दुखण्याचा उल्लेखही आहे. पण तुमचा रोख बरोबर आहे, देशाची अब्रू पुढे आणि मुलीचा पाय मागे. आपल्याकडच्या सुधारकांचे एकोणिसाव्या शतकातले वाद काढून बघा, ओळखीचं वाटेल. अपवाद छ्यू जिनसारख्या. तिने स्वतःच आपले पाय सोडले, जपानला शिकायला गेली, १९०७ ला क्रांतीच्या कटापायी तिचा शिरच्छेद झाला.

सोलापुरी_चादर

उशिरा आलो. डिंगश्यान वाचून थबकलो. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. त्यांची शेवटची वर्षं हबेईतच, तांगश्यान भागातल्या खेड्यांत गेली. नकाशा काढून पाहिला. तांगश्यान आणि डिंगश्यान म्हणजे आपलं पंढरपूर-मंगळवेढा. शाईताईंचे आकडे लावले तर कोटणिसांना तिथे भेटलेल्या पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक आजीचे पाय बांधलेले असणार, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरी अनवाणी पळत असणार. एकाच अंगणात. इतकी वर्षं स्मारकात जातोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वाचनमात्र

आयडी बदलावा लागेल, कारण आज लिहितोय. सोलापुरी, हा प्रतिसाद कापून ठेवला.

मेथकूट

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या प्रश्नाला तीन-चार उत्तरं मिळाली आणि ती आपसात भांडतायत, ते बरंच आहे. पहिल्यापाशी मी अजून अडकलेय. चिनीत म्हण आहे म्हणे: लहान पायांची एक जोडी, आसवांचा एक रांजण. रांजण कुणाचा, आईचा की लेकीचा, ते म्हणीत नाही. शाईताई म्हणतात ती शेजारणीकडे बघून बांधत होती. कांडीवाला म्हणतात सुतासाठी. पटतं दोन्ही. पण मुलगी रात्री रडत असताना ती काय बोलत असेल? शिंचूकर, तुमच्या तिकडे कुणाच्या घरात अशी आठवण आहे का हो?

शिंचूकर

मेथकूट, तुमचा प्रश्न वाचून आज जेवताना माझ्या टीममधल्या एका बाईंना विचारलं. पन्नाशीच्या आहेत. त्यांच्या आजीची थोरली बहीण बंदीच्या आधीची, तिचे पाय बांधलेले. आजी सात वर्षांनी धाकटी, तिची पट्टी सुरू व्हायच्या आत बंदी आली, सुटली. शाळेतही गेली. म्हटलं, मग थोरली कायम धाकटीवर जळत असेल?

तर त्या हसल्या. थोरलीच्या पायात झोपतानाही कापडी जोडे असायचे, पाय कुणाला दिसू दिले नाहीत. बांधताना आई काय बोलायची ते तिने कधी सांगितलं नाही, म्हणायची, "तिचा हात फार हलका होता." आणि धाकटीला नव्वदी ओलांडेपर्यंत हाक मारायची ती "ए, मोठ्या पायाची" अशीच. धाकटी बिचारी पाय स्टुलाखाली ओढून घ्यायची.